स्कूटर सुटताना पुन्हा पुन्हा थरथरते? शू घासण्याआधी ग्रीस कुठून येतंय ते शोधा

गाडी उभी आहे, हलकी रेस दिली, आणि ताशी १० किमीच्या आसपास ती अंगात आल्यासारखी थरथरली. २०च्या पुढे गेली की सगळं शांत. माझ्या १२५ सीसी स्कूटरने हा प्रकार वर्षभरात तीनदा केला. तिन्ही वेळा गॅरेजमध्ये क्लच उघडला गेला, शू (क्लचमधले पकड घेणारे तुकडे) पॉलिश पेपरने घासले, हवा मारली, ‘ग्रीसिंग पण केलंय’ असं सांगून गाडी हातात दिली. पहिल्यांदा दोन महिने बरे गेले, दुसऱ्यांदा महिना, तिसऱ्यांदा आठवडाही नाही.

दुरुस्ती दर वेळी तीच आणि टिकण्याचा काळ मात्र आटत चाललेला. याचा अर्थ दुरुस्तीच आजाराला खतपाणी घालत होती. चौथ्या वेळी कव्हर मी स्वतः काढलं, तेव्हा ते कसं ते कळलं.

क्लच बेलच्या, म्हणजे शू ज्याला आतून पकडतात त्या गोल डब्याच्या, आतल्या भिंतीवर काळसर, चिकट चिखल होता. शूच्या कडांना तोच लेप. मागच्या पुलीच्या पाठीवर, मधल्या नळीपासून बाहेरच्या कडेपर्यंत, बारीक रेघा पसरलेल्या होत्या. फिरत्या वस्तूवरून काही उडालं की असाच माग राहतो. ते ग्रीस मागच्या पुलीच्या पोटातून येत होतं. तिथल्या ओ-रिंग (ग्रीस अडवणारी रबरी कडी) कडक होऊन चिरल्या होत्या, आणि आत ग्रीस अगदी ठासून भरलेलं होतं. म्हणजे दर सर्व्हिसला ताजं ग्रीस भरायचं, ते चिरलेल्या ओ-रिंगमधून बाहेर पडायचं, शूवर बसायचं, आणि मग आम्ही शू घासायचो.

मागच्या पुलीत ग्रीस लागतंच कशाला, हे आधी समजून घेऊ. इंजिनाची ताकद पुढच्या पुलीवरून बेल्टने मागच्या पुलीकडे येते. या मागच्या पुलीच्या दोन थाळ्या असतात. एक जागेवर पक्की, दुसरी सरकणारी. सरकत्या थाळीच्या नळीत तिरक्या खाचा असतात आणि त्यांत पिना फिरतात. चढ लागला किंवा एकदम रेस दिली की मागच्या चाकाचा विरोध वाढतो, पिना तिरक्या खाचेत सरकतात, थाळ्या एकमेकींकडे ढकलल्या जातात आणि बेल्ट मागे वर चढतो. आपण ज्याला ‘गिअर खाली आला’ म्हणू ते हेच. या पिना कोरड्या पडल्या तर गाडी चढावर दम तोडते, म्हणून ग्रीस हवंच. पण ते काही ग्रॅमच, उष्णता सोसणारं, आणि पिनांच्या खाचेपुरतं. ही जागा एक्सलच्या बेअरिंगसारखी भरायची नसते. जास्तीचं ग्रीस वेगाने फिरताना बाहेरच फेकलं जातं, आणि बाहेर क्लच बसलेला असतो.

ग्रीस प्यायलेला शू घासून सुधारत नाही, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. वरचा थर निघतो, शू कोरडा दिसतो, दोन-चार दिवस गाडी गुळगुळीत सुटते. मग कुठे तरी अर्धा तास रेंगाळत चालवावी लागते, शू तापतो, आणि आत मुरलेलं ग्रीस घाम फुटावा तसं पुन्हा वर येतं. ब्रेक क्लीनरने धुतला तरी तेच. तेल किंवा ग्रीस मुरलेलं लायनिंग (शूवरचा घासणारा थर) बदलायचं, त्यावर वेळ घालवायचा नाही. पण गळती बंद न करता नवे शू टाकले तर तेही काही आठवड्यांत त्याच वाटेने जातात.

थरथर नक्की कशाची आहे

क्लच उघडण्याआधी गाडीच्या खाली वाकून इंजिन जिथे फ्रेमला टांगलेलं असतं तिथले रबरी बुश बघा. ते मेले असतील तर क्लचचा साधासा झटकाही पायांपर्यंत जाणवतो, आणि शू-बेल बदलूनही तक्रार उरतेच. मागचं चाक धरून इंजिन वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहिलं की कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण फारसं कोणी करत नाही.

मग थरथर कधी येते ते पाहा. फक्त पहिल्या अर्ध्या किलोमीटरला, थंड गाडीत, आणि नंतर गायब? मग बहुतेक दमटपणा किंवा शूची धूळ. साफसफाई पुरते. उलट गाडी तापल्यावर वाढत असेल तर शूवर काचेसारखी चकाकी आलेली आहे, किंवा बेल वाकडी झाली आहे. हलक्या रेसला थरथर आणि जोरात रेस दिली की काही नाही, हे चकाकीचं अगदी नेहमीचं लक्षण. कारण जोरात रेस दिली की शू झटकन पूर्ण पकडतो. हलक्या रेसला तो पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो, आणि तीच थरथर.

चकाकी येते ती उष्णतेने. ताशी ८ ते १५ किमीच्या दरम्यान शू बेलवर घासतच असतो, पूर्ण पकडलेला नसतो. गर्दीत तासन्‌तास या वेगात चालणारी गाडी दिवसभर अर्ध्या क्लचवर असते म्हणा ना. चढावर ब्रेक न लावता रेसवर गाडी तोलून धरायची सवय तर याहून वाईट. शू एकाच जागी बेलला भाजतो आणि बेलवर निळे-जांभळे डाग पडतात.

डाग दिसले की बेलचा आतला व्यास व्हर्नियरने तीन-चार दिशांनी मोजा. १२५ मिमीची बेल असलेल्या गाड्यांत १२५.५ ही मर्यादा सर्रास आढळते. तुमच्या गाडीची संख्या तिच्या पुस्तिकेत मिळेल. माप मर्यादेत असूनही दिशेगणिक वेगळं येत असेल तर बेल लंबगोल झाली आहे. अशा बेलवर नवे शूसुद्धा थरथरतात. लेथवर बेल सारखी करून घेणारे लोक आहेत. मी करत नाही, कारण भिंत पातळ झाली की पुढच्या वेळी ती लवकर तापते.

लायनिंग २ मिमीच्या आसपास उरलं की शू बदलायची वेळ झाली. त्याहून जाड आहे, कोरडं आहे, फक्त चकाकतंय, तर १२० किंवा १५० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन आडवं घासायचं. उभं घासलं तर रेघा फिरण्याच्या दिशेत पडतात आणि फायदा कमी होतो. बेलच्या आतूनही तसाच हात फिरवा. इथे एक कळकळीची विनंती, ही धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने किंवा क्लीनरने काढा.

शूच्या बिजागऱ्यांकडे दुर्लक्ष होतं. तिन्ही शू आपापल्या पिनेवर मोकळे हलले पाहिजेत. एक अडकला की उरलेले दोन आधी पकडतात आणि झटका बसतो. शूवर टेकणारे छोटे रबरी डँपर झिजले तरी तोच परिणाम होतो. पिनेला ग्रीस लावायचंच झालं तर टाचणीच्या टोकाएवढं.

तेलकटपणा कुठून आला

बेल्टच्या कप्प्यात ओलं काही दिसलं की ते तीनपैकी एका ठिकाणाहून येतं. पुढच्या पुलीच्या मागे, क्रँकच्या (इंजिनातून येणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) भोवती ओल असेल तर क्रँकचा ऑइल सील गेलाय. मागच्या पुलीच्या मागे, केसिंगच्या बाजूला ओल असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचा सील. आणि ओल द्रव नसून चिकट लगदा असेल, तोही बेल आणि पुलीच्या पाठीवर, तर माझ्यासारखं पुलीच्या पोटातलं ग्रीस. वासावरून ओळखा असं काही जण सांगतात. पण बऱ्याच स्कूटरच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच घालतात, त्यामुळे नाकापेक्षा जागेवर भरवसा ठेवा. सगळं धुऊन, पुसून, थोडं चालवून पुन्हा उघडलं की ताजा माग स्पष्ट दिसतो.

मागची पुली सोडवताना सावध राहा. क्लचचा मोठा नट निघाला की आतली जाड स्प्रिंग सगळं वर उडवते. नट सैल करायच्या आधी क्लच दाबून धरायची सोय हवी. शेवटच्या आट्यांना एक हात कायम वर दाबलेला, आणि चेहरा लांब. सील आणि ओ-रिंग बदलताना नळीवरचा ओरखडा नखाने तपासा. ओरखडा असेल तर नवी ओ-रिंगही चिरेल.

थरथर नाही, पण गाडी ओढत नाही

ही वेगळी तक्रार, पण त्याच कव्हरखालची. इंजिन ओरडतं आणि वेग मात्र वाढत नाही, असं असेल तर पहिला संशय बेल्टवर. बेल्ट लांबीत फारसा वाढत नाही, तो रुंदीत झिजतो, आणि त्याने गाडीची दोन्ही टोकं खातो. सुटताना अरुंद बेल्ट मागच्या पुलीत खाली बसतो, म्हणून सुरुवातीची ताकद कमी. सर्वांत जास्त वेगाला तो पुढच्या पुलीत कडेपर्यंत चढू शकत नाही, म्हणून टॉप स्पीडही कमी. नव्या बेल्टपेक्षा साधारण १ ते १.५ मिमी रुंदी घटली की बदलायचा. भेगा नसतील तरी बदलायचा. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत २० ते २५ हजार किमीचा टप्पा असतो. रस्त्यात तुटेपर्यंत वाट पाहिली तर त्याचे धागे बेअरिंग आणि सीलभोवती गुंडाळले जातात आणि ते काढण्यात एक अख्खी दुपार जाते.

बेल्ट किती वर चढतोय ते पाहण्याची एक स्वस्त युक्ती आहे. पुढच्या पुलीच्या थाळीवर मार्करने मधून कडेपर्यंत सरळ रेघ ओढा, कव्हर लावा, मोकळ्या सुरक्षित रस्त्यावर गाडी पूर्ण वेगाने एकदा चालवा, परत येऊन उघडा. जिथपर्यंत रेघ पुसली गेली तिथपर्यंत बेल्ट चढला. कडेजवळ बोटभर रेघ शाबूत राहिली असेल तर बेल्ट अरुंद आहे, रोलर (पुढच्या पुलीतली गोल वजनं, जी फिरताना बाहेर सरकून बेल्ट वर ढकलतात) चपटे झाले आहेत, किंवा मागची स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे.

रोलर हातात घेऊन फिरवा. ते गोलच हवेत. एका बाजूने चपटे झाले की त्याच चपट्या भागावर अडून बसतात, आणि मग ठरावीक वेगाला गाडी अडखळते, तो वेग ओलांडला की पुन्हा बरी धावते. रोलर बदलले तर सगळे सहा एकदम. पुढच्या पुलीच्या मागच्या प्लेटवर प्लॅस्टिकच्या छोट्या चिमट्या असतात, त्या झिजल्या की आयडलवर खडखड ऐकू येते आणि थोडी रेस दिली की थांबते. आवाज भयंकर वाटतो, भाग अगदी क्षुल्लक असतो.

मेन स्टँडवर आयडल रेसला मागचं चाक हळूहळू फिरलं तर घाबरू नका, थोडी ओढ राहतेच. ब्रेक हलका दाबून चाक थांबलं नाही, तर मात्र आयडल जास्त आहे, शूची एखादी छोटी स्प्रिंग तुटलीय, किंवा शू उघडाच अडकलाय.

बसवताना होणारी महागडी चूक

या एका चुकीने क्रँकशाफ्ट बाद झालेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बेल्ट लावताना तो आधी मागच्या पुलीत खोल बसवायला हवा. मागच्या थाळ्या हाताने फाकवायच्या आणि बेल्ट मधोमध दाबायचा, म्हणजे पुढे ढील मिळते. ही ढील नसेल तर पुढची थाळी लावताना बेल्ट चिमटला जातो आणि थाळी मधल्या बुशला टेकतच नाही. नट मात्र घट्ट झाल्यासारखा वाटतो, कारण तो बेल्ट दाबत असतो. गाडी सुरू झाली, बेल्ट सरकला, की नट सैल. मग थाळी क्रँकच्या दात्यांवर खेळू लागते आणि दाते खाऊन टाकते. नट घट्ट केल्यावर पुढचा बेल्ट बोटाने हलवून पाहा. तो सैल हवा. त्यानंतर मागचं चाक हाताने फिरवून बेल्ट ताणात येऊ द्या.

नट इम्पॅक्ट गनने मारून मोकळं होऊ नका, टॉर्क पाना वापरा, आकडा पुस्तिकेतून घ्या. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला. रोलरला एक बाजू बंद आणि एक उघडी असेल तर जुने काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुलीच्या ज्या तोंडांवर बेल्ट चालतो तिथे बोटाचा तेलकट ठसाही नको.

ट्यूनिंग

गाडी निरोगी झाल्याशिवाय ट्यूनिंगला हात घालू नये. झिजलेल्या बेल्टवर हलके रोलर टाकले की दोन दिवस पिकअप वाढल्यासारखा वाटतो, एवढंच.

पुढचे रोलर इंजिन किती आरपीएमवर ‘गिअर बदलेल’ ते ठरवतात. हलके रोलर म्हणजे आरपीएम वर, पिकअप जास्त, इंधनही जास्त. जड रोलर म्हणजे आरपीएम खाली, शांत चाल, चढावर मरगळ. किती फरक पडेल याचा अंदाज कागदावर काढता येतो. रोलरचा जोर वजनाच्या प्रमाणात आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून तोच जोर मिळवायला १२ ग्रॅमच्या जागी ११ ग्रॅमचे रोलर टाकले तर आरपीएम साधारण साडेचार टक्क्यांनी वाढेल. ६५०० वर धरणारी गाडी ६८०० च्या थोडं अलीकडे धरेल. त्यामुळे एका वेळी रोलरमागे अर्धा ते एक ग्रॅम, यापलीकडे उडी मारू नका. अर्ध्या ग्रॅमचा संच मिळत नसेल तर ११ आणि १२ चे तीन-तीन रोलर एकाआड एक लावा. दोन जड शेजारी-शेजारी नकोत.

आरपीएम मोजायला प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा मीटर पुरतो. सपाट रस्त्यावर पूर्ण रेस द्या आणि साधारण ३० पासून ६० किमीपर्यंत काटा पाहा. निरोगी आणि जमलेल्या गाडीत वेग वाढत जातो, आरपीएम जवळपास जागच्या जागी राहतं. ते इंजिनाच्या कमाल ताकदीच्या आरपीएमजवळ असेल तर रोलर बरोबर. वेगाबरोबर आरपीएम चढत गेलं तर बेल्ट घसरतोय किंवा तो पुढच्या पुलीच्या कडेपर्यंत पोचून आणखी चढायला जागा उरलेली नाही. खाली पडत गेलं तर रोलर जड आहेत किंवा मागची स्प्रिंग थकली आहे.

कडक मागची स्प्रिंग आवडणारे बरेच आहेत. मी त्यांच्यातला नाही. चढावर आणि वळणातून बाहेर पडताना ती झटकन खालचा गिअर देते हे खरं, पण बेल्ट सतत चिमटीत राहतो, तापतो, लवकर झिजतो. फारच कडक असेल तर पुढची पुली पूर्ण मिटतच नाही. मूळ स्प्रिंगची मोकळी लांबी मोजा, मर्यादेखाली गेली असेल तर मूळचीच नवी घाला. इंजिन जसंच्या तसं ठेवलेल्या गाडीला बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

क्लचच्या तीन छोट्या स्प्रिंग कडक केल्या की शू उशिरा पकडतो, गाडी जास्त आरपीएमवर सुटते. रिकाम्या रस्त्यावर मजा येते. गर्दीत मात्र प्रत्येक सुटण्याला शू जास्त वेगाने फिरत्या अवस्थेत बेलला भिडतो, जास्त तापतो, आणि आपण फिरून त्याच चकाकीपाशी येतो. थरथरीवर उपाय म्हणून कोणी कडक स्प्रिंग सुचवली तर ‘नको’ म्हणा.

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहून ठेवा. रोलर, स्प्रिंग आणि बेल्ट एकाच दिवशी बदलले की काय कशामुळे झालं ते कोणालाच सांगता येत नाही. मी हे एकदा केलंय, मग दोन रविवार सगळं एक-एक करून मागे घेण्यात गेले.

माझ्या गाडीत शेवटी दोन ओ-रिंग, पुलीचे सील, तिन्ही शू आणि बेल एवढंच बदललं. ग्रीस पिनांच्या खाचेत मोजकं लावलं. रोलर मूळचेच ठेवले. नवे शू बेलवर बसेपर्यंत पहिले २००-३०० किमी चढावर रेंगाळणं आणि एकदम जोरात सुटणं टाळलं. ५०० किमी झाल्यावर, काहीही तक्रार नसताना, कव्हर पुन्हा काढलं. बेलच्या आत करडी, कोरडी धूळ होती. बोट फिरवलं, चिकटलं नाही.